चक्रवाक बघायला गेले आणि डिझेल फिल्टर शोधत फिरले

निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात एकदा तरी पाणपक्षी बघायला बाहेर पडायचं, हे मी ठरवून टाकलंय. या जानेवारीत चोपड्याजवळचं तापीचं पाणी निवडलं, कारण नाशिकहून तिथवर मी एकटी गाडी चालवत जाऊ शकते. गुरुवारी पहाटे निघाले. धुळ्यापर्यंत महामार्ग झकास, पुढे अमळनेरमार्गे चोपडा. चहा-नाश्त्यासकट पाच तास धरा. बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजमध्ये आठशे रुपयांत खोली मिळाली.

दुपारी तीनला नदीकाठच्या गावात पोचले. तिथे नाना बोट चालवतात. वय अडुसष्ट, डोक्याला मफलर. बोट त्यांनी कोकणातून जुनी विकत आणलेली, इंजिनासकट. पलीकडच्या काठावरच्या वस्तीची माणसं तिच्यातूनच चोपड्याच्या बाजूला येतात-जातात. मी चढले तेव्हा फळीवर एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या, हाताला ताजी पट्टी. त्या सुमनअक्का. मंगळवार, गुरुवार, शनिवार चोपड्याला डायलिसिसला येतात आणि दुपारी परत जातात.

पात्राच्या मध्यावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. नानांनी हँडल मारून पाहिलं, पुन्हा मारलं. मग इंजिनाच्या बाजूचा पेल्याएवढा लोखंडी डबा काढून नाकाशी धरला.

"ताई, फिल्टर चोकअप शे," ते अहिराणीत म्हणाले. "डिझेलमा धुई-धुई वापरना. आते ते बी थकनं."

"धुऊन धुऊन किती दिवस चालणार? नवा का नाही आणला?"

"चोपडामा बठ्ठा दुकानं पाही उनू. दिसाले सारखंच, पन आटे बसतस नही."

चोपड्यातली सगळी दुकानं त्यांनी पालथी घातली होती. आम्ही दोघांनी दोन वल्ही घेतली. तासाभराने काठ लागला तेव्हा माझे तळहात सोललेले होते आणि नाना छाती धरून बसले होते. अक्कांना मी हात देऊन उतरवलं. शनिवारी गाडी घेऊन मीच तुम्हाला न्यायला येते, असं मी म्हटलं. पुलावरून वळसा घालून तीस-पस्तीस किलोमीटर पडतात, पण गाडी होती.

त्या हसल्या. "शनिवारनं व्हई जाई, बाई. बाकी दिवसले काय करू?"

सकाळच्या वेळी त्या बाजूने बस नाही, हे नानांनी आधीच सांगितलं होतं. परत येताना आम्हाला पुन्हा वल्हवावं लागलं. त्या पाऊण तासात चक्रवाकांची एक जोडी अगदी जवळून उडाली आणि मी कॅमेरा काढलाही नाही. काठावर उतरल्यावर नानांना म्हणाले, "उद्या माझी गाडी आहे. जुना फिल्टर घ्या, आपण जळगावला जाऊ."

शुक्रवारी सातला निघालो. जळगावचा रस्ता केळीच्या बागांमधून जातो. घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या, मध्येच ट्रॅक्टर आडवे येतात, त्यामुळे दोन तास हाताशी ठेवा. जुना फिल्टर नानांनी मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळून धरला होता.

जळगावात स्पेअर पार्टची दुकानं एका ओळीत आहेत. पहिल्याने नंबर विचारला. तो गंजून गेलेला. दुसऱ्याने सहा खोकी उघडून दाखवली, एकही बसला नाही. तिसरा म्हणाला, ऑनलाइन मागवतो, आठ दिवस लागतील. चौथ्या दुकानात काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी फिल्टर हातात घेऊन आट्यांवर नख फिरवलं.

"हे बारीक आटे आहेत. गाडीचं काम नाही हे. कशाला लावता?"

नानांनी बोटीचं सांगितलं. अक्कांचंही सांगितलं. बाईंनी फोन उचलला. एक, दोन, तीन ठिकाणी विचारलं. गिऱ्हाईकं ताटकळली, तरी चौथा नंबर लावला आणि मग कागदावर पत्ता लिहून दिला. "धुळ्याला एक आबा आहेत. जुन्या कॉम्प्रेसरचा माल ठेवतात. दुकान आता एक वाजेपर्यंतच उघडं असतं, पण मी निरोप ठेवते. थांबतील." आम्ही त्यांच्याकडून काहीच घेतलं नव्हतं.

जळगाव-धुळे नव्वद किलोमीटर. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. रस्सा डोळ्यांतून पाणी काढणारा, सोबत वांग्याचं भरीत. दोघांचे तीनशे झाले. नाना भराभर जेवले आणि माझं ताट संपायच्या आत गाडीशी जाऊन उभे राहिले.

धुळ्यात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ओळीतली बाकी दुकानं जेवणासाठी बंद, एकच शटर अर्धं वर. आत खुर्चीत आबा बसलेले. ऐंशीच्या पुढचे, कानाला यंत्र, स्वच्छ पांढरा सदरा. त्यांनी फिल्टर उलटासुलटा केला, आट्यांना मोजपट्टी लावली आणि वरच्या फळ्यांकडे न बघताच म्हणाले, "बोअर मारायच्या जुन्या गाड्यांवरच्या कॉम्प्रेसरला हाच लागायचा. माझ्याकडे आहेत."

नानांनी हात जोडले.

"थांबा. लगेच देत नाही."

आबांनी जुना फिल्टर पकडीत आवळला आणि करवतीने कापला. आतल्या कागदाच्या घड्यांवर काळा चिकट गाळ होता. तळाशी उरलेलं डिझेल त्यांनी बशीत ओतून बशी कलती केली. डिझेल वाहिलं आणि खाली पाण्याचे थेंब गोल गोल राहिले.

"नवा लावाल, तोही महिन्याभरात असाच होईल. पाणी कुठून येतं?"

नाना हळू आवाजात म्हणाले, "कॅन बोटमाच ऱ्हास. झाकन तुटेल शे."

"मग फिल्टरला बोल लावू नका, नाना. रात्रभर दव पडतं त्यात. कॅन घरात ठेवायचा, डिझेल दुहेरी कापडातून गाळायचं. आणि रोज सकाळी टाकीच्या तळाचा नट सैल करून पाणी काढायचं, मगच हँडल मारायचं." त्यांनी हे नानांकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग शिडी लावून मला वर चढायला सांगितलं. तिसऱ्या फळीवर धूळ बसलेल्या खोक्यांत तीन फिल्टर होते. त्यांनी तिन्ही दिले, छापील किमतीला, म्हणजे कितीतरी वर्षांपूर्वीच्या. एका पुठ्ठ्यावर आपला फोन नंबर लिहिला. "अडलं तर सकाळी लावा. मी पाचला उठतो."

शनिवारी साडेसहाला आम्ही काठावर होतो. पाण्यावर धुकं होतं. नानांनी नवा फिल्टर बसवला, गाळलेलं डिझेल ओतलं, हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. तीनदा तसंच. सात वाजले होते आणि पलीकडच्या काठावर अक्कांची लाल शाल दिसायला लागली होती.

मी पुठ्ठ्यावरचा नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला.

"हवा धरली असेल," आबा म्हणाले. "फिल्टरच्या डोक्यावरचा नट दीड आटा सैल करा. हातपंप मारत राहा. आधी फेस येईल. नुसतं डिझेल यायला लागलं की आवळा. घाई नको."

मी नट धरला, नानांनी पंप मारला. फेस आला, येतच राहिला, मग बुडबुडे विरळ झाले आणि स्वच्छ धार आली. नट आवळला. पुढच्या हँडलला इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं. फोनमधून आबांनी ते ऐकलं असावं. "हां, आता जा," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

अक्का बोटीत बसल्या तेव्हा त्यांनी माझे सोललेले तळहात धरून पाहिले. पिशवीतून दोन केळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. साडेआठला त्या चोपड्याच्या रिक्षात होत्या.

मी त्याच दुपारी नाशिकला परतले. जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाची टोपी न्या, आणि सकाळच्या फेरीत गावच्या माणसांना आधी बसू द्या. माझ्या यादीत या वेळी अकराच पक्षी आहेत, फोटो जेमतेम चार. त्याची खंत वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही. जळगावच्या काउंटरवरच्या त्या बाईंचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची मात्र वाटते.

मंगळवारी सकाळी पावणेआठला चहा घेताना नानांना फोन लावला. उचलला नाही. मी उगाच घरात फेऱ्या मारल्या. साडेआठला त्यांचाच आला.

"ताई, बोटवर व्हतू," ते म्हणाले. "इंजिनना आवाजमा फोन ऐकूच नही उना."