जळकोटच्या आजीचा गुरुवार

आमच्या अणदूरच्या ख्रिस्ती मंडळीत माझी एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. शेवटची प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांचे डोळे मिटले, की मी पसार! न्हाईतर आमेन म्हणताच मावशी मला धरायच्या. मावशी म्हणजे आमच्या बायबलबाई. घरोघरी जाऊन आजाऱ्यापाशी बसायचं, वाचायचं, प्रार्थना करायची, हे त्यांचं जन्माचं काम. आता गुडघे गेले होते आणि आपल्या जागी घ्यायला त्यांचा डोळा माझ्यावर होता.

"प्रभू तुला बोलावतोय गं."

"मला कसं ऐकू येईना मग? माझी मशीन लई वाजती, मावशी."

माझं शिलाईचं दुकान. राग नाकावर. ब्लाऊज तंग झालं तर चूक गिऱ्हाइकाचीच, तिनं जाड कशाला व्हावं? असल्या बाईला देव कशाला बोलवंल! खरं सांगू का, मला भ्या वाटायचं. एकदा व्हय म्हणलं की माझा दिवस माझा राहणार न्हाय.

मग मावशी घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांना एकच घोर. जळकोटला एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली, मावशी दर गुरुवारी तिच्याकडं जायच्या. शेजारीण भाकर देऊन जायची, पण जवळ बसायला कुणी न्हाय. मावशी रडायलाच लागल्या.

"निरोप देऊन येते," मी म्हणलं. "नुसता निरोप हां!"

जळकोटला आजीनं मावशी पडल्याचा निरोप ऐकला आणि म्हणाली, "बरं. आता वाच."

मावशींनी बायबल माझ्या पिशवीत कोंबलंच होतं. उघडलं तिथून सुरू केलं. घ्या! निघाली वंशावळ. ह्याला तो झाला, त्याला हा झाला. मधीच कसं थांबायचं, म्हणून रेटत गेले.

मग आजी म्हणाली, "एवढ्या पिढ्या झाल्या, एकीला बी पोरगी झाली न्हाय व्हय?"

मी एवढी हसले की पुस्तक हातातून पडलं. आजी बी हसली आणि हसता हसता कण्हली. पाठ बघितली तर ही जखम! पाणी कोमट करून पुसली, कूस बदलून दिली. मग प्रार्थना. मावशींसारखं गोड बोलणं मला कुठलं यायला? म्हणलं, "देवा, हिला झोप लागू दे. आपलं दोघांचं नंतर बघू." आजीनं खणखणीत आमेन म्हणलं.

निघताना तिनं माझा पदर धरला. "पुढच्या गुरुवारी कोण येणार?"

कुणीतरी बघू, असं सांगायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "मीच की."

परतीच्या जीपमधी मला रडू बी आलं आणि राग बी. "मला धरायला म्हातारी पुढं केलीस व्हय?" मी मोठ्यानं म्हणलं. शेजारची बाई घाबरून सरकून बसली. अणदूर येईपर्यंत मी देवाशी भांडत होते. घरी गेलेच न्हाय. तडक दुकानावर गेले आणि फळीवर खडूनं लिहिलं, गुरुवारी दुकान बंद.