पिठातलं पाऊल

माझी बायको मिशिगनमध्ये वारली, ट्रॉयला, मुलाच्या घरातल्या खालच्या खोलीत. जानेवारी होता. नर्स आली, तिनं घड्याळात बघून वेळ लिहिली आणि ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. त्या मशीनची घरघर थांबली तेव्हा मला बरं वाटलं. असं लिहू नये, पण वाटलं. त्यानंतर बरं किंवा वाईट काहीच वाटलेलं नाही. जेवायला हाक मारली की जेवतो. मीठ कमी पडलंय की जास्त ते कळत नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. कोल्हापूरला फाउंड्रीत छत्तीस वर्षं मोल्डर होतो. लाकडी पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, वाळूत दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, पॅटर्न अलगद काढायचा. मागं जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. बास, हेच काम. मुलगा शिकला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर झाला, इकडं आला. चार वर्षांपूर्वी आम्हा दोघांनाही घेऊन आला.

आमच्यात माणूस जिथं गेलं तिथं दिवा ठेवतात. शेजारी जमिनीवर पीठ चाळून पसरतात आणि त्यावर दुरडी झाकतात. दहाव्या दिवशी दुरडी उचलून पिठात काय उमटलंय ते बघायचं. पाखराचं पाऊल, गाईचं खूर, मुंग्यांची वाट, काहीही. ज्याचं उमटलं त्या जन्माला जीव गेला असं धरतात. काहीच नसलं तर जीव अडकलाय म्हणतात, आणि मग बायका रडतात. इथं दुरडी कुठली? सूनबाईनं धुवायचे कपडे टाकायची प्लास्टिकची बास्केट दिली. तिला भोकं होती म्हणून वर टॉवेल टाकला. स्मोक अलार्म मुलानं काढून कपाटात ठेवला.

दहाव्या दिवशी सकाळी घरातल्यांच्या आंघोळी चालल्या होत्या. कोल्हापूरहून माझी बहीण व्हिडिओवर येऊन बसणार होती. त्याआधी मी एकटा खोलीत गेलो आणि बास्केट उचलली.

पीठ कोरं होतं. चाळून टाकलं तसंच्या तसं.

मी खाली बसलो. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तरी बसलो. कोरं पीठ बघून दुःख व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. फाउंड्रीत वाळू ओढून सपाट केली की पुढचं काम हातांना आपोआप कळायचं, तसंच झालं. करंगळीनं तीन रेघा पुढं ओढल्या, एक मागं. कडा फुंकर मारून मऊ केल्या. रेघ फार खोल गेली असती तर कुणीतरी ओळखलं असतं. पाखराचं पाऊल झकास झालं. बास्केट परत झाकली, टॉवेल टाकला आणि हात धुऊन बाहेर येऊन बसलो.

मग सगळ्यांसमोर मुलानं बास्केट उचलली. फोनमधून बहीण ओरडली, "पाखरू! पाखरू झाली रे माझी वहिनी! सुटली!"

मुलगा दहा दिवस रडला नव्हता. फोन करत होता, कागद भरत होता. तो तिथंच फरशीवर बसला आणि तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखा रडला. "बाबा, आई उडाली," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पिठाचा हात धुतला होता, तरी नखात पीठ होतं.

पुढच्या शनिवारी त्यानं मागच्या अंगणात पाखरांना दाणे टाकायचं खांबावरचं छोटं घर लावलं. दर शनिवारी बूट घालून बर्फातून जातो आणि ते भरतो. मी खिडकीतून बघतो.

हे असंच चाललं असतं. मार्चमध्ये नात सुट्टीला घरी आली. ती कॉलेजात आहे, आजीच्या दहाव्याला दोन दिवस येऊन गेली होती. मराठी बोलते, पण मधेच गाडी इंग्रजीवर जाते. एका दुपारी मी ओट्यापाशी लसूण सोलत होतो. ती लॅपटॉप घेऊन समोर बसली.

"आजोबा, माझा पेपर ऐका ना. जुने ग्रीक लोक आत्म्याबद्दल काय म्हणायचे, त्यावर आहे. आज सबमिट करायचाय."

"मला काय कळणार?"

"तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल," ती म्हणाली आणि हसली.

तिनं नावं सांगितली, पण ती काही माझ्या जिभेवर बसली नाहीत. एक जण म्हणे रस्त्यात कुत्र्याला मारणाऱ्याला थांबवायचा, या केकाटण्यात माझ्या मेलेल्या मित्राचा आवाज आहे म्हणून. हा मला आमच्यातला वाटला. दुसऱ्याचं म्हणणं, आत्मा म्हणजे बारीक कण, माणूस मेला की पांगतात, मग भ्यायचं कशाला? आणि एका म्हाताऱ्याला तुरुंगात विष प्यायला लावलं होतं. तो पेला हातात येईपर्यंत मित्रांना समजावत बसला की आत्मा मरत नाही.

"त्याला बायको होती का?"

"होती. रडत होती म्हणून त्यानं तिला घरी पाठवलं."

"मग तो कसला शहाणा?"

"आजोबा! ही इज लाइक, द मोस्ट फेमस!"

"असू दे. बायकोला बाहेर काढून मित्रांशी गप्पा मारल्या ना?"

ती हसली आणि पुढं वाचायला लागली. त्या म्हाताऱ्याचा चेला म्हणायचा, खरा आकार दुसरीकडं असतो, इथल्या वस्तू म्हणजे त्याच्या नकला. चेल्याचा चेला म्हणायचा, तसं नाही, आकार वस्तूतच असतो. मेण आणि त्यावरचा ठसा वेगळे काढता येत नाहीत, तसंच शरीर आणि जीव.

हे मात्र मला लगेच कळलं. मी तिला फाउंड्रीचं सांगितलं. लोखंड ओतून झालेलं कास्टिंग फुटलं तर भंगारात जातं, परत वितळतं. पण पॅटर्न पॅटर्नशॉपच्या फळीवर असतो, त्याच्यावरून दुसरं काढता येतं. पहिला चेला पॅटर्नशॉपवाला. दुसरा म्हणतो, फळीबिळी काही नाही, तुमच्या हातात जे लोखंड आहे तेवढंच. ते फुटलं की आकार गेला.

"ओ माय गॉड, आजोबा, हे मी घालते पेपरमध्ये!" ती टाइप करत सुटली. "तुम्ही कोणत्या साइडला?"

"मी मोल्डर होतो. मला वाळू तेवढी कळते."

"मी पॅटर्नशॉपवाली. कारण आपल्याकडे प्रूफ आहे ना. माझी सुरुवातच तशी आहे." तिनं पहिला परिच्छेद इंग्रजीत वाचला, मग मला मराठीत सांगितला. माझी आजी गेली, दहाव्या दिवशी पिठात पाखराचं पाऊल उमटलं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. माझे वडील कशावर विश्वास ठेवत नाहीत, पण त्यांनीही बघितलं. "प्रोफेसरला सुरुवात आधीच दाखवली, त्यांना खूप आवडली. मी क्लाससमोर वाचणारे."

मी लसणाची पाकळी खाली ठेवली.

घरातल्या घरात होतं तोवर ते पाऊल माझ्यापुरतं होतं. आता वीस-पंचवीस पोरं ते ऐकणार, आणि ही पोरगी छातीठोकपणे सांगणार. बायकोचं नाव घेऊन.

"ते लिहू नको."

"का?"

"ते पाऊल मी काढलं होतं. करंगळीनं. पीठ कोरं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी थट्टा करतोय असं तिला आधी वाटलं असावं. मग तिचा चेहरा उतरला.

"व्हाय?"

"माहीत नाही."

"आजोबा, माहीत नाही म्हणजे काय? यू मस्ट नो."

"तुझी आत्याआजी रडली असती. घर रडलं असतं. आणि मला काहीतरी करायचं होतं. हात रिकामे होते."

ती पडद्याकडं वळली. मग तिनं तो परिच्छेद खोडला. मला तो दिसत होता, काळ्या ओळी एकेक करून गेल्या. "मग आता मी काय लिहू?" तिनं विचारलं. आवाज चढलेला होता.

"पीठ कोरं होतं, ते लिही."

"आणि बाबांचं काय? ते दर शनिवारी..."

"सांगतो."

मुलगा पाचला बाजार घेऊन आला. पिशव्या ओट्यावर ठेवल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आडपडदा ठेवून बोलायला मला कधी आलं नाही, बायकोला ते यायचं. तिनं बसवून, चहा देऊन सांगितलं असतं.

त्यानं दुधाचा कॅन फ्रिजमध्ये ठेवला. अंडी ठेवली. कोथिंबीर बाहेरच राहिली.

"कधी केलंत?"

"सकाळी. तुम्ही आंघोळीला गेला होता."

"म्हणजे मी जे बघितलं ते..."

"माझं बोट होतं."

तो खालच्या खोलीत गेला. नातीनं मला डोळ्यांनीच खुणावलं, जा. मी गेलो. तो पलंगाच्या कडेला बसला होता. मी दुसऱ्या कडेला बसलो. आमच्या दोघांच्या मधे तिची जागा होती, चादर तीच आहे.

"तुम्हाला काय वाटतं, बाबा? ती कुठं तरी आहे का?"

"मला काही वाटत नाही रे. कुठं आहे असंही नाही, नाही असंही नाही. ती गेल्यापासून मला काहीच वाटत नाही. तू रडलास तेव्हा तुझा हेवा वाटला, तेवढंच."

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. दोन महिन्यांत त्यानं मला असं बघितलं नव्हतं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

मी चादरीवरची सुरकुती तळव्यानं सपाट केली. तो उठून जाईल असं वाटलं होतं, पण तो बसूनच राहिला. सूनबाईनं वरून जेवायला हाक मारली. दोघांनीही ओ दिली नाही.