बेलिफ गायकवाडमामा

कोर्टाचा कागद माणसाच्या हातात देण्याआधी गायकवाडमामा तो पूर्ण वाचून दाखवत, आणि मग ऐकणाऱ्यालाच विचारत, "आता तुमी मला सांगा, काय लिवलंय यात?" समोरच्याने तारीख चुकीची सांगितली तर पुन्हा पहिल्यापासून वाचत. कर्जतच्या कोर्टात ते बेलिफ होते. समन्स पोचवायचं आणि सही किंवा अंगठा घेऊन यायचं, एवढंच त्यांचं काम. वाचून दाखवा, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्यात कायदा आणि समाजशास्त्र एकत्र शिकवणाऱ्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. बारावीनंतर लगेच असं काही शिकता येतं हे कर्जतजवळच्या आमच्या गावात कोणाला पटत नव्हतं. वडील भातशेती करायचे. कोणी विचारलं तर "वकिलीचं शिकते" एवढं सांगून मोकळे व्हायचे. दिवाळीच्या सुट्टीत न्यायालय आणि ग्रामीण समाज या विषयावर निबंध लिहायचा होता. मी वही घेऊन कोर्टात गेले तेव्हा तिथल्या कारकुनांनी मामांकडे बोट दाखवलं. मामा पन्नाशीचे, काटक, काखेत खाकी पिशवी. त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"चालाय येतं का?"

"येतं."

"मग वही पिशवीत टाक. पयलं ऐकायचं, मंग लिवायचं."

खालापूरच्या बाजूला एका वाडीत पार्वतीबाई नावाची विधवा राहत होती. दिराने तिच्या वाटणीच्या शेतावर दावा लावला होता आणि तिला सांगून ठेवलं होतं, कागद घेतलास की शेत गेलं. आम्ही पोचलो तेव्हा ती खळ्यावर भात झोडत होती. आम्हाला पाहताच ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला नियम पाठ होता. मी म्हटलं, "मामा, नकार दिला असं लिहायचं, समन्स दाराला चिकटवायचं, साक्षीदाराची सही घ्यायची. झालं काम."

मामा खळ्याच्या कडेला बसले. "माजं झालं. बाईचं नाय झालं. ती कोर्टात आली नाय तर निकाल कुनाच्या बाजूनं जाईल, सांग."

मीही त्यांच्या शेजारी टेकले. आम्ही उन्हात बसून राहिलो. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं आणि मामांनी जागेवरूनच वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर म्हणाले, "ताई, ह्या कागदानं शेत जात नाय. तुजं काय म्हननं हाय ते सांगाया साहेब तुला बोलावत्यात. नाय गेलीस तर दीर एकटाच बोलंल."

पार्वतीबाई बाहेर आली. तिने दोनदा तारीख म्हणून दाखवली आणि मग अंगठा दिला. पुढे ती दर तारखेला चालत कोर्टात आली. दोन वर्षांनी निकाल लागला आणि शेत तिच्याकडे राहिलं.

पार्वतीबाईला समन्स दिलं त्याच आठवड्यात एकदा परतताना मी मामांना पाणी प्यायला आमच्या घरी नेलं. मामांच्या घराने छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती. आईला ते ठाऊक होतं. तिने पडवीत वेगळा ठेवलेला पेला काढला आणि त्यात वरून पाणी ओतलं. मामा पाणी प्यायले, पेला स्वतः विसळला आणि पालथा घातला. मला मान वर करवेना.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "मामा, याला कायद्याने बंदी आहे."

"हाय की गं. मला तोंडपाट हाय." थोडं चालून ते म्हणाले, "पन तुज्या आईवर समन्स मी बजावू का तू?"

संध्याकाळी मी आईला पाठ केलेलं सगळं ऐकवलं. ती तांदूळ निवडत राहिली. "शिकलीस म्हनून आईला गुन्हेगार करतेस?" एवढंच म्हणाली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मामा मला न्यायला आले तेव्हा ती घरातल्या पेल्यातून पाणी घेऊन बाहेर आली. मामा पिऊन झाल्यावर विसळायला उठले, तसा तिने पेला हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. पोर तुमाला मामा म्हनते. मंजे तुमी माजे भाऊ झालात."

मामांनी भात किती झोडायचं राहिलंय ते विचारलं. आईने सांगितलं.

माझ्या निबंधात संदर्भग्रंथ कमी होते म्हणून सरांनी गुण कापले, पण पार्वतीबाईचं पान वर्गात वाचून दाखवलं. पदवी झाली, पुढे सनदही मिळाली. मामा तोवर निवृत्त होऊन रसायनीला मुलीकडे राहायला गेले होते. मी पेढे घेऊन गेले तेव्हा ते खाटेवर होते, दम्याने बोलणंही अवघड झालं होतं. माझा काळा कोट त्यांनी मागून घेतला, मांडीवर ठेवून त्यावर हात फिरवला.

"मला वकील व्हायचं व्हतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. "सातवीवर ऱ्हायलो." मग दम घेऊन म्हणाले, "पोरी, आता लोकं तुला घाबरतील. त्येची सवय लावून घेऊ नको."

त्या पावसाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा चार दिवस उलटले होते.

आज कर्जतच्या माझ्या ऑफिसात कोणी दारातच हात जोडून उभं राहिलं की क्षणभर बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. मग मी उठते, टेबलाच्या त्या बाजूला जाते आणि त्या माणसासाठी खुर्ची ओढते. कामाच्या गर्दीत कधी राहून जातं. त्या दिवशी घरी गेल्यावर मामांची आठवण येते, आणि दुसऱ्या दिवशी राहत नाही.