त्रिवेणीचा नारळ येलदरीला

परभणीत वसमत रोडला त्रिवेणीचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, दोऱ्याची रिळं, सगळं तिथं मिळतं, आणि गिऱ्हाईक जरा रेंगाळलं तर आठवड्याच्या सिनेमाचं परीक्षणही मिळतं. ते फुकट असतं आणि नको म्हणायची सोय नसते. साडीशी अस्तराचा रंग जुळवता जुळवता त्रिवेणी नायिकेचं अस्तर उसवते, आणि बायका तेवढ्यासाठी अर्ध्या मीटरच्या कामाला पुन्हा पुन्हा येतात.

तिची सिनेमा बघण्याची तऱ्हाच वेगळी. नट रडतो कसा, याकडं तिचं फारसं लक्ष नसतं. तो जेवतो कसा, हे ती बघते. गोष्टीत माणूस दोन दिवसांचा उपाशी असतो आणि पडद्यावर भाकरीचा तुकडा वरणात नुसता फिरवत बसतो, तोंडात काही घालत नाही. असा नट कितीही देखणा असो, तो तिथंच तिच्या मनातून उतरतो. मोंढ्यात भुसाराचं दुकान चालवणारे तिचे यजमान ईश्वरअप्पा एकदा हौसेनं तिच्याबरोबर सिनेमाला गेले होते. घरी आल्यावर तिनं त्यांच्या जेवणातसुद्धा चूक काढली. तेव्हापासून ते जात नाहीत.

पण त्रिवेणीचं नाव झालं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवामुळं. वाण म्हणून ती दरवर्षी दोऱ्याचं रीळ देते, त्यात काही विशेष नाही. विशेष असतो तो निकाल. तिळगूळ वाटून झाला की ती उभी राहते आणि सरल्या वर्षात कुणी कसं काम केलं ते सांगते: नायिका कोण, खलनायक कोण, आणि शेवटी सगळ्यात भारी अभिनय कुणाचा. त्या शेवटच्या नावासाठी कुंकू लावलेला नारळ पाटावर मांडलेला असतो. आता नट असायचे मुंबईला, त्यांना नारळ कोण नेऊन देणार? म्हणून नाव घेतलं की नारळ तिथंच फुटायचा आणि खोबरं बायका खायच्या. इतकी वर्षं इतके मोठमोठे लोक जिंकले, पण एकाच्याही हाताला तो नारळ लागला नव्हता.

यंदा मात्र त्रिवेणीनं नाव घेतलं आणि खोलीत आधी कुणाला काही कळेचना. "येलदरीचे आश्रुबा," ती म्हणाली.

येलदरीच्या धरणाच्या काठावर एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यात गाव सोडून निघालेला नायक म्हाताऱ्या चुलत्याचा निरोप घ्यायला येतो. चुलता जाळं शिवत बसलेला. तो मान वर करत नाही. "जा. बस चुकंल," एवढंच म्हणतो. नायक पाठमोरा होतो आणि चुलत्याचा सुई धरलेला हात मधेच थांबतो. डोळे भरून येतात, पण पाणी खाली पडत नाही. एवढंच काम. ते करणारा माणूस तिथलाच मासे धरणारा, आश्रुबा. त्रिवेणीनं तो सिनेमा तेवढ्या हातासाठी तीनदा पाहिला होता.

"अगं, असं कसं म्हणायलीस?" हेमा म्हणाली. हेमा शेजारची, जिल्हा परिषदेत नोकरीला, आणि त्रिवेणीची सिनेमाची कायमची जोडीदारीण. दोघींच्या खुर्च्या शेजारी आणि मतं कायम समोरासमोर. "तो मासे धरणाराच आहे. जन्मभर जाळंच शिवायलाय. उद्या तुझ्या दुकानात कॅमेरा लावला न् तू फॉल लावत बसलीस, तर तुला बी नारळ द्यायचा का?"

बायका हसल्या. त्यात कोपऱ्यातल्या रोहिणीनं तेल ओतलं. "माझी नणंद जिंतूरला असती. ती सांगायली होती, त्या माणसाचा पोरगा शूटिंगच्याच दिवशी घर सोडून पुण्याला गेलता म्हणे. शूटिंगवाले बी सगळे चिडीचूप झालते. त्याच्या डोळ्यातलं पाणी खरंच होतं."

हेमानं लगेच पकडलं. "त्रिवेणी, मागं मी एका सिनेमातल्या छोट्या पोराला निवडलं होतं, आठवायलंय का? तवा तूच म्हणलीस, लेकराला कुणीतरी चिमटा काढला असंल, ते खरं रडायलंय, आणि खरं रडणं म्हणजे अभिनय न्हाई. मग आता नियम बदलायलीस का?"

नियम तिचाच होता, आणि त्यावरून तिनं हेमाच्या निवडीची भर हळदीकुंकवात फजिती केली होती. हेमा हे विसरली असेल, असं तिला उगीच वाटत आलं होतं.

"रथसप्तमीच्या आत सिद्ध कर," हेमा म्हणाली. "न्हाईतर पुढच्या संक्रांतीपासून निकाल माझ्या घरी."

बायकांना ही अट बेहद्द आवडली. एरवी हळदीकुंकवात एवढी मजा कुठं येते! नारळ न फुटता देवघरात जाऊन बसला. त्रिवेणी हसून सगळ्यांना निरोप देत राहिली, पण तिचं लक्ष देवघरातल्या नारळाकडं होतं. दुकान होतं, घर होतं, अप्पा होते, सगळं होतं. तरी तिचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर तो हा निकाल होता, आणि तो हातचा जायची वेळ आली होती.

"एका नारळासाठी येलदरीला जायलीस?" ईश्वरअप्पांनी जेवताना विचारलं.

"नारळासाठी न्हाई, माझ्या शब्दासाठी," त्रिवेणी म्हणाली. अप्पांनी पुढचा घास नीट चावून खाल्ला.

रविवारी सकाळी दोघी एस.टी.त बसल्या. हेमा साक्षीला आली होती, म्हणजे ती तसं म्हणत होती. खरं तर शूटिंगची जागा बघायची तिलाही घाई होती. झरीपर्यंत दोघी कडाकडा भांडल्या, बोरीच्या पुढं एकाच डब्यातली गूळपोळी खाल्ली आणि जिंतूरला जीपमध्ये बसताना पुन्हा भांडल्या. येलदरीत चहाच्या हॉटेलवर विचारलं, तर हॉटेलवाला म्हणाला, "नट आश्रुबा का? त्ये काय, पाण्याकडंला बसलेत." गावानं त्याचं नाव केव्हाच बदललं होतं.

काठावर ऊन पडलं होतं. निंबाखाली तो जाळं शिवत बसलेला दिसला. त्रिवेणीनं चेहऱ्याच्या आधी हात ओळखला आणि ती वाटेतच थबकली. मुंबईचा कुठलाही नट समोर आला असता तरी ती एवढी बावरली नसती.

"आश्रुबामामा, आमी परभणीहून आलाव," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगून टाकलं: हळदीकुंकू, निकाल, हेमाची शंका, रोहिणीची नणंद. "राग धरू नका. पण एवढं सांगा, तुमचा हात थांबला तो ॲक्टिंगचा का खरा?"

आश्रुबानं दोघींकडं पाहिलं. मग पाण्याकडं पाहिलं. सुई मात्र चालूच होती.

"इचारूच नका, ताई," तो म्हणाला. "पोरगं माझं. येकुलतं येक. शूटिंगच्या दिशी सकाळीच बॅग घेतली त्यानं. म्हणलं, बाबा, ह्या पाण्यात काय ठिवलंय. म्या काय म्हणणार? जा म्हणलं, बस चुकंल." त्यानं एक टाका घातला. "तवापसून फोन न्हाई. हितं बसलं की वर रस्त्यावर बसचा आवाज येतो. म्या मान वर करीत न्हाई. वर केली न् त्यो उतरलेला दिसला न्हाई, तर काय करू?"

त्याचा हात थांबला. तसाच, जाळ्यावर, अधांतरी. डोळे भरून आले.

हेमा तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. त्रिवेणीच्या डोळ्यांना तर धारच लागली. त्या बापासाठी तिला रडू येत होतं, आणि आपण हरलो म्हणूनही येत होतं, आणि अशा वेळी आपल्याला निकालाचं सुचतंय याची तिला लाज वाटत होती. पिशवीतला नारळ तिनं आत ढकलला.

"हेमा, तू जिंकलीस," ती हळूच म्हणाली.

"गप बस. ते कशाला काढायलीस आता," हेमा म्हणाली आणि जास्तच रडली.

तेवढ्यात वरच्या घराकडून आश्रुबाची बायको सरजाबाई चहा घेऊन आली. काठावर दोन अनोळखी बायका रडतायत आणि आपला नवरा खाली मान घालून बसलाय, हे पाहून ती जागीच थांबली.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यायला बी पोराचंच सांगितलं का?"

आश्रुबाच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आमाला पोरगा कुठला, ताई?" सरजाबाई कप पुढं करत म्हणाली. "तीन पोरी हायेत. दोघी नांदायल्यात आपापल्या घरी, धाकटी हितंच हाय. ह्या चहात साखर तिनंच टाकली. घ्या, पुसा डोळे."

हेमाचा हुंदका अर्ध्यावर अडकला. त्रिवेणी तोंड उघडं टाकून आश्रुबाकडं बघत राहिली.

"तुमीच इचारलं, ॲक्टिंग का खरं," आश्रुबा म्हणाला. "तोंडानं नुसतं सांगितलं असतं, तर इश्वास ठिवला असता का?"

"पण मग शूटिंगच्या वेळी?" हेमानं विचारलं.

"लय गलबला करायले व्हते. येक म्हणतो हात असा धरा. दुसरा म्हणतो, तुमचं कोण गेलं ते आठवा. माझं सगळं बरं चाललंय, म्या काय आठवू? मंग पोराचं सांगितलं, तवा समदे गप झाले. मंग निवांत काम केलं." थोडं थांबून त्यानं विचारलं, "दुसरा नंबर कोणाचा आला?"

त्रिवेणीनं मुंबईच्या एका बड्या नटाचं नाव सांगितलं. आश्रुबानं मान डोलावली. "त्याचं बी चांगलंच असतं," तो मोठ्या मनानं म्हणाला.

यावर हेमा जी हसत सुटली ती थांबेना. आत्ताच्या रडण्याचं पाणी डोळ्यांत तसंच होतं आणि ती पोट धरून हसत होती. "हरले बाई," ती म्हणाली. "निकाल तुझ्याच घरी राहू दे. दोनदा फसवलं ह्यांनी, आधी शूटिंगवाल्यांना आणि आता मला. काढ तो नारळ."

त्रिवेणीनं चहा संपवला, पदर सावरला आणि ती उभी राहिली. दरवर्षी उभी राहते तशीच. "सरल्या वर्षातला सगळ्यात भारी अभिनय," ती म्हणाली आणि पुढचं नाव तिला घेताच येईना. समोर बसलेल्या माणसाचं नाव घ्यायची तिला सवयच नव्हती. "येलदरीचे आश्रुबा," हेमानं पूर्ण केलं, आणि त्रिवेणीनं नारळ त्याच्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या निवडीला घेणारा हात मिळाला होता.

आश्रुबा घाईनं उठला. नारळ कसा धरायचा ते त्याला कळेना. एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, पोटाशी धरला, टोपी सरळ केली, बायकोकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. अख्ख्या युनिटला गप करणारा आणि परभणीच्या दोन जाणकार बायकांना रडवणारा तो माणूस, इथं मात्र त्याला काही केल्या अभिनय जमेना.

"आता बोला की कायतरी," सरजाबाई म्हणाली.

"बसा," आश्रुबा म्हणाला. "चहा घ्या."

चहा तर आत्ताच झाला होता. पण दोघी पुन्हा बसल्या.