ब्रेकला अजून वीस मिनिटं

मागच्या ऑक्टोबरात कसालजवळच्या आमच्या गावच्या शाळेने मला एक काम दिलं. नववीची अकरा मुलं-मुली, दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांची पायी मोहीम, ज्याचं सामान त्याच्या पाठीवर. यातलं एकही मूल कधी सलग तासभर चाललेलं नव्हतं. मी पायदळातला निवृत्त हवालदार, म्हणून आखणी माझ्याकडे आली.

रूट ठरवला: रेडी, शिरोडा, वेंगुर्ला, शेवट वायंगणी. सकाळी सहाला निघायचं, अकराला सावलीत थांबायचं. काजू तोलायच्या काट्यावर सगळ्यांच्या बॅगा तोलल्या. सानिका नावाच्या मुलीने लोणच्याची भरलेली बरणी घेतली होती.

"काका, पाणीच जड आसा. कमी करूया?"

"बरणी काढ. पाणी रवांदे."

तेवढ्यात मोहीमप्रमुख उठले. निवृत्त सुभेदार राऊळ. मुलांना म्हणाले, "चालताना पाणी प्यायचं नाही. तासाला ब्रेक, ब्रेकला दोन घोट. आम्ही फौजेत असेच घडलो."

हे शब्द मी एकोणीस वर्षांपूर्वी ऐकले होते. याच तोंडून.

तेव्हा आमची बटालियन वाळवंटात होती. मे महिना. तीस किलोमीटरचा रूट मार्च, पाठीवर वीस किलो. राऊळ नायब सुभेदार, आमचे प्लाटून कमांडर. मी नाईक. शिपाई दिगंबर धुरी शिरोड्याचा, वय वीस. सकाळी लंगरमध्ये न्याहारीला त्याने माझ्या शेजारी बसून सात पुऱ्या खाल्ल्या होत्या. साडेदहानंतर त्याने तीनदा पाणी मागितलं. राऊळांनी तीनदा "ब्रेकला" म्हणून सांगितलं. ११.४० ला तो तोंडावर पडला.

मी रेडिओ घेतला.

"एक जवान पडला. उष्माघात. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी फायरिंग रेंजवर आहे. चाळीस मिनिटं. ओव्हर."

गाडी आली तेव्हा तो गेला होता.

चौकशीत राऊळांनी जबाब दिला की जवानाने अंगातला ताप लपवला, सकाळी काही खाल्लं नव्हतं. खाली सह्या झाल्या. धुरीच्या घरी तसंच कळवलं गेलं. शिरोड्यात वर्षानुवर्षं लोक त्याच्या आईला म्हणत राहिले, पोरगो खोटां बोललो आणि मेलो.

बॅगा तोलून झाल्यावर मी राऊळांना म्हटलं, "साहेब, मुलांना नेण्याआधी रेकी करू. तुमच्याच नियमाने." ते खूश झाले.

रेकीच्या दिवशी त्यांची बॅग मीच भरली. पंधरा किलो. त्यांचं वय सहासष्ट. सव्वादहाला मुद्दाम उशिरा दोघंच निघालो आणि रेडीहून सड्यावर, उघड्या पठारावर चढलो. कातळ तापला होता, झाड नव्हतं. सव्वाअकराला ब्रेक, दोन घोट. ११.५५ ला ते खाली बसले. बाटली काढू लागले. मी ती त्यांच्या हातातून घेतली.

"ब्रेकला अजून वीस मिनिटं आहेत, साहेब."

ते हसले. मी हसलो नाही. समोर बसून घड्याळ बघत राहिलो. मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. पाच मिनिटांत त्यांचे ओठ पांढरे पडले.

"परबा, माका पाणी दी."

"धुरीने तीनदा मागितलं होतं."

"कोण धुरी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. तिथेच त्यांना सोडून चालू लागावं असं वाटलं. उठलोही. मग परत येऊन मी नाव सांगितलं, नंबर सांगितला, जागा सांगितली. त्यांनी मान खाली घातली.

"इतक्या वर्षांनी काय करू मी?"

"शिरोडा पुढे आहे. त्याची आई आहे. खरं सांगायचं."

"सांगतो. पाणी दी."

बाटली दिली तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

धुरीची आई माडाखाली बसून झाडूसाठी झावळीचे हीर काढत होती. राऊळ उभे राहून बोलले. "ताप नव्हता. जेवला होता. पाणी मी देऊ दिलं नाही. माझा जबाब खोटा होता." तिने कोयती खाली ठेवली.

"तेणा पाणी मागल्यान?"

"तीनदा."

मी समाधानाने उभा होतो. तिने माझ्याकडे मान वळवली.

"आणि तू खंय होतंस?"

"तेच्या पाठीच. चार पावलांर."

"तुझ्याकडे पाणी होतां?"

"होतां. अर्धी बाटली."

"आणि त्या जबाबार तुझी सही?"

"केली."

तिने कोयती उचलली आणि पुन्हा कामाला लागली. आम्हाला जा म्हणाली नाही, बसाही म्हणाली नाही.

राऊळांनी प्रमुखपद सोडलं. मीही काम सोडणार होतो, पण मुलांना नेणारं दुसरं कोणी नव्हतं. मोहीम ठरल्या दिवशी निघाली. दर वीस मिनिटांनी मी मुलांना थांबवून पाणी प्यायला लावलं. ती वैतागली. एकीच्या टाचेला फोड आला, बाकी कुणाला काही झालं नाही.

शिरोड्यात त्या माडांपाशी मी अकराही जणांना ओळीत उभं केलं. आई ओट्यावर होती, ऐकत होती.

"या घरातला शिपाई दिगंबर धुरी. वय वीस. ड्यूटीवर पाण्यावाचून मेला. त्याला ताप नव्हता, तो खोटं बोलला नाही. पाणी जवळ असून ते न देणारे दोघे होते."

मग मी दोघांचीही नावं सांगितली. पहिलं माझं.