शेवटचा सराव सामना राहून गेला

अनंतराव जोगळेकर सरांना मी प्रथम पाहिले ते धारच्या मैदानावर, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यावर मनातून चिडलो. देवासच्या आमच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबने मला गोल करण्यासाठी घेतले होते. हंगामाआधीचा सराव सामना धारच्या हौशी पोरांशी होता आणि प्रशिक्षक म्हणून सरांनी मला उभे केले कुठे, तर गोलरक्षकाच्या जागी! चेंडूमागून चेंडू जाळ्यात जात होते, लोक हसत होते. सामना संपल्यावर सरांनी एवढेच विचारले, "मागून काय दिसलं?" मी फणकाऱ्याने म्हणालो, "सगळं मैदान." ते म्हणाले, "छान. आता पुढे गेलास की ते विसरू नकोस."

यंदा सर पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यांनी जिंकलेले चषक पुष्कळांना ठाऊक आहेत; पण त्यांचा खरा जीव या सराव सामन्यांत असे. लीगमध्ये गुण मोजले जातात, म्हणून तिथे खेळाडू आपले दुखणे आणि आपली भीती झाकून खेळतो. सराव सामन्यात दोन्ही उघडी पडतात, असे त्यांचे मत. "इथला गोल मोजायचा नसतो, बघायचा असतो," हे त्यांचे वाक्य आम्हांला पाठ होते. सामन्यानंतर दोन्ही संघ एका पंगतीला दाल-बाफले खात आणि सर स्वतः वाढत. कोण कोणाशेजारी बसायचे टाळतो, हे ते वाढता वाढता टिपून घेत आणि पुढच्या सामन्यात नेमके त्याच दोघांना जोडीने खेळवीत.

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. जे दिसले ते खेळाडूला लगेच सांगायचे नाही. शेवटचा सराव सामना झाला की एकेकाला बाजूला बोलावून सांगायचे. आधी सांगितले तर पोरगा तेवढेच मनात धरून बसतो, मोकळा खेळत नाही, असे ते म्हणत. आमचा गोलरक्षक इरफान याचा दुखरा खांदा त्यांनी असाच हेरला. त्याला स्वतः बसने इंदूरच्या दवाखान्यात नेले आणि तो बरा होऊन घरी परतेपर्यंत त्याच्या आईला रोज फोन केला.

पुढे क्लब वरच्या लीगमध्ये गेला. त्या वर्षी सराव सामन्यांत आम्ही धारकडून सपाटून हरलो, कारण सर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या जागा उलट्यापालट्या करीत होते. क्लबच्या समितीचे डोके फिरले. सेक्रेटरी आपल्या माळवी ढंगात म्हणाले, "सर, धार के लड़कों से हार गए! भिया, आता तिकीट कोण घेईल?" सरांनी हरण्याचे कारण सांगितलेच नाही. ते म्हणाले, "सुधीरचा डावा गुडघा ठीक नाही. वळताना तो पाय राखतो. त्याला महिनाभर खेळवू नका." समितीला ती सबब वाटली. नाचता येईना अंगण वाकडे, असेही कोणी म्हणाले. शेवटचा सराव सामना रद्द झाला, त्या जागी बँडबाजासह प्रदर्शनीय सामना ठरला आणि सरांना नारळ मिळाला.

तो सुधीर म्हणजे मी. मला यातले काही ठाऊक नव्हते. पाय जरा आखडल्यासारखा वाटे, पण हंगामाच्या तोंडावर कोणाचा आखडत नाही? लीगच्या पहिल्याच सामन्यात मी वळलो आणि गुडघा गेला. त्यानंतर मी व्यावसायिक फुटबॉल खेळलो नाही. समितीत काय घडले ते सेक्रेटरींनीच मला दवाखान्यात येऊन, डोळे पुसत सांगितले. दोन-तीन हंगामांत क्लबही बंद पडला आणि त्याबरोबर ते सराव सामनेही. धारची ती पोरे आज मांडूला पर्यटकांच्या गाड्या नेतात. फार वाईट वाटते, ते लपवून काय उपयोग?

त्या दिवसांत सर धारच्या आपल्या घरून बस बदलत देवासला येत, माझ्याकडून व्यायाम करून घेत. मला शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी मिळाली तीही त्यांच्याच शब्दावर. एकदा माझ्या पायाला पट्टी बांधता बांधता ते म्हणाले, "समितीला सांगितलं, तुला नाही सांगितलं. तू समोर उभा होतास रे. एक सामना बाकी होता म्हणून गप्प बसलो." मी म्हणालो, "सर, तुमचा काय दोष?" ते पट्टीची गाठ मारू लागले. माझे म्हणणे त्यांना आजही पटलेले नाही, म्हणून ते इथे सर्वांसमक्ष पुन्हा लिहीत आहे.

या ग्रंथाची परवानगी मागायला मी अलीकडे धारला गेलो. सर ओट्यावर बसले होते. मी ऑटोतून उतरलो, फाटकातून चालत गेलो, नमस्कार केला आणि म्हणालो, "सर, आम्ही तुमचा गौरवग्रंथ काढतो आहोत."

"ते राहू दे," सर म्हणाले. "डाव्याचा भार सोसून तुझा उजवा पाय आता दमलाय. टाच आत वळते आहे. डॉक्टरला दाखव."

"उद्या दाखवतो, सर."

"उद्या नाही." सर उठून चपला शोधू लागले. "तो ऑटो गेला का बघ. थांबव त्याला."

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यांना जे दिसते ते ऐकणारी माणसे यापुढे तरी त्यांना भेटोत.