विसाव्या क्रमांकाचा ऑर्गन

रोलांद वेझिना सें-फिर्मँच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिच्याआधी तिचा बाप वाजवायचा. क्वेबेक शहराच्या त्या खालच्या वस्तीत दोघांनाही कुणी कधी कान देऊन ऐकलं नाही. लग्न असलं की लोक फोटोत गुंतलेले, मयत असलं की रुमालात. ऑर्गनवाली म्हणजे माडीवर दिसणारी एक पाठ. रोलांदला त्याची सवय झाली होती असं म्हणणं खोटं आहे. साठीला टेकली तरी ते तिला डाचायचं.

म्हणूनच नॉर्मां तिबोने बोलावलं तेव्हा ती हुरळून गेली. तिबोने बुटांच्या बंद पडलेल्या कारखान्यात साउंड कार्डांचा धंदा मांडला होता. तेव्हाचे कॉम्प्युटर नुसते टिंव टिंव करायचे. तिबोचं कार्ड आत खोचलं की त्यातून वाद्यं वाजायची. वाजायची म्हणजे वाजल्याचा भास व्हायचा. त्या कार्डात कुठल्याच वाद्याचं रेकॉर्डिंग नव्हतं, तेवढी जागाच नव्हती. त्यातल्या चिपला येत होती एक गुळगुळीत लहर, लहान मुलाने 'ऊऽऽ' करावं तशी. मग दुसरी लहर घ्यायची, ती कुणाला ऐकू येऊ द्यायची नाही. तिने फक्त पहिलीला भराभर हलवायचं. थोडं हलवलं की बासरी, जास्त हलवलं की पितळी भोंगा, वेड्यावाकड्या मापात हलवलं की घंटा. सूर किती झटकन उठावा, किती टिकावा, कसा विझावा, याचे आकडे भरले की झालं वाद्य. आकडे भरणारी पोरं हुशार होती, पण त्यांचं व्हायोलिन दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखं ओरडायचं. तिबोला कान हवे होते.

कार्डातल्या वाद्यांच्या यादीत विसाव्या क्रमांकावर होता चर्चचा ऑर्गन. रोलांदने त्याचा ध्यास घेतला. सकाळी चर्चमध्ये जाऊन ऑर्गनच्या शेकडो पाइपांपैकी बापाच्या आवडीचा लाकडी पाइप वाजवायचा, तो सूर कानात धरून बसने कारखान्यात यायचं. वाटेत कुणाशी चकार शब्द बोलायची नाही, सूर सांडेल म्हणून. पाइप बोलण्याआधी वारा किंचित फुसकतो; तीही फुसक तिने आकड्यांत बसवली.

"तांत रोलांद, तुमच्या ऑर्गनला दमा झालाय," पोरं मावशीला चिडवावं तशी चिडवायची.

"दमा होईल तुमच्या आजोबांना. आकड्यांना हात लावाल तर बघा!"

आणि खरंच, आवाज जमला. दोन लहरींतून तिने बापाचा पाइप उभा केला. आता एवढ्यावर ती थांबती तर! पण आयुष्यभर कौतुकाला उपाशी असलेलं माणूस घास समोर आल्यावर थांबत नाही.

नाताळाआधी चर्चच्या हॉलमध्ये वस्तीचं जेवण असतं. त्या संध्याकाळी खिमा भरलेल्या तुर्तियेरच्या ताटल्या फिरत असताना रोलांदने पडद्यामागे कॉम्प्युटर मांडला, शेजारी चर्चच्या ऑर्गनची कॅसेट, आणि दोन्ही एकाच स्पीकरला जोडली. एकच भजन दोनदा वाजवलं. "ओळखा, आपला ऑर्गन कुठला?"

सगळ्यांनी हात वर केले ते कार्डासाठी. पाद्रीबाबांनीसुद्धा. टाळ्या पडल्या. चर्चच्या कारभारी मंडळाचा म्होरक्या ओनेझिम जँग्रा उठून तिच्यापाशी आला. "ताबारनाक! मादाम वेझिना, तुम्ही तर चेटकीण निघालात!" रोलांदला आभाळ ठेंगणं झालं. खरा ऑर्गन त्या हॉलमध्ये नव्हताच, हे तिच्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? ऑर्गन तळपायातून वर चढतो, बाकाची फळी थरथरते. पत्र्याच्या स्पीकरमधून आली ती त्याची सावली, आणि सावलीला सावलीने हरवलं होतं. पण टाळ्यांत तिला तेवढं सुचलं नाही.

बर्फ वितळल्यावर मंडळाने ऑर्गन काढून त्याजागी कार्ड वाजवायचा ठराव केला. ऑर्गनच्या भात्याचं चामडं फाटलं होतं, दुरुस्ती परवडत नव्हती, आणि आता तिची गरजही नव्हती.

"ती कॅसेट होती, मस्यू जँग्रा! कॅसेट!" रोलांद ओरडली.

"मग? कॅसेटवर आपलाच ऑर्गन होता ना? आणि कार्डातही तुमचंच काम. तुम्हाला तर आनंद व्हायला हवा."

धोंडा तिनेच आणला होता आणि पायही तिचाच होता. मॉन्ट्रियलचा एक बारवाला भिंतीवर शोभेला लावायला पाइप घेऊन गेला. जँग्राच्या जावयाने सगळी भजनं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. रविवारी एक बटण दाबायचं, त्यासाठी रोलांद कशाला हवी? ती खाली बाकावर बसू लागली, आणि तिचाच आवाज तिला दर रविवारी ऐकवला जाऊ लागला.

निदान आवाज तरी तिचा होता. पण तेवढंही टिकलं नाही. बाजारात खरे आवाज वाजवणारी कार्डं आली. "असली खेळणी कोण घेतंय!" म्हणत तिबो हटून बसला आणि बुडाला. एका रविवारी चर्च सुटल्यावर जँग्राने जुनं कार्ड रोलांदच्या हातात ठेवलं.

"आठवण म्हणून ठेवा. नव्यात खऱ्या ऑर्गनचं रेकॉर्डिंग आहे, जर्मनीतल्या कुठल्याशा. सेकंदाला हजारो वेळा आवाजाचं माप घेतात म्हणे, आणि तेच आकडे परत वाजवतात. खरं सांगू, मादाम? तुमचं ते डब्यातल्या अकॉर्डियनसारखं वाटायचं. हे कसं, अगदी आपल्या ऑर्गनसारखं."

"आपला ऑर्गन कसा वाजायचा, मस्यू जँग्रा?"

जँग्राने तोंड उघडलं, मग पाद्रीबाबांकडे बघितलं. पाद्रीबाबा मेणबत्त्या विझवायला निघून गेले.

"वाजायचा आपला... ऑर्गनसारखा," जँग्रा म्हणाला आणि टोपी घालून घरी गेला.

मेल्यांनो, बापलेकींनी तुमची बारशी वाजवली, तुमच्या आया पुरताना वाजवलं! रोलांदच्या ओठांवर शिवी आली. त्यांच्या नाकावर टिच्चून निदान आपण तरी तो सूर जपू, म्हणून बाकावर बसून तिने डोळे मिटले आणि बापाचा पाइप आठवला. आधी फुसक आली, मग सूर उठला, स्वच्छ, सपाट, जराही न थरथरता. बाकाची फळी हलली नाही, तळपायाला काही कळलं नाही. तिने पुन्हा आठवून पाहिलं, बापाचे हात, लाकडाचा वास, सगळं सगळं. पुन्हा तोच आला, विसाव्या क्रमांकाचा.